लाउरित्सची जागल

विगो त्या दिवशी सभाघरात आला होता तो फक्त नळ सोडायला.

कडाक्याची थंडी पडणार असली की इथल्या तळघरातल्या स्वयंपाकघरातला नळ थोडा सोडून ठेवावा लागतो. थेंब थेंब पाणी वाहतं राहिलं तर नळी गोठून फुटत नाही. किल्ली विगोकडे असायची, कारण त्याचं घर समोरच, रस्त्याच्या पलीकडे. आता दिवे गेलेत म्हणून तुम्हाला दिसत नसेल. या दारापासून त्याच्या पायरीपर्यंत दोनशे पावलं आहेत. मी मोजलीत, आणि का मोजलीत तेही कळेल.

तारीख सांगतो, म्हणजे म्हातारा मनचं सांगतोय असं कुणी म्हणायला नको. सतरा जानेवारी २०१९, गुरुवार. संध्याकाळचे पावणेपाच. उजेड जायला लागला होता आणि वायव्येकडून बर्फाचं वादळ येणार असं रेडिओवाले सकाळपासून घोकत होते.

विगोची बायको थीरा घरात अंथरुणाला खिळलेली. पोटाचा कर्करोग. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तिनंच सांगितलं होतं, मला दवाखान्यात नको, घरी न्या. लोरेन नावाची नर्स दिवसाआड यायची. बुधवारी जाताना तिनं विगोला दारात थांबवून हळूच सांगितलं, "मुलाला बोलावून घ्या. आता एक रात्र, फार तर दोन." मुलगा रसेल डेन्व्हरहून निघणार होता, पण शुक्रवारच्या आत पोचणं कठीण. विगो दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता बसून होता. नळ सोडून येईपर्यंत शेजारची कार्ला थीराजवळ बसली.

तो कोट चढवत होता तेव्हा थीरानं हाक मारली.

"जातोच आहेस तर बिल्लाही लाव."

"कसला बिल्ला?"

"जागलीचा. फळीवर माझं नाव लिही आणि खाली बिल्ला लाव. सगळं रीतीनं झालं पाहिजे."

"अगं, मंडळात चौघं उरलोय आपण. फळी बघणार आहे कोण?"

"मी बघणार आहे. वरून." असं म्हणून ती हसली, आणि हसल्याबरोबर पोटात कळ आली. विगोनं टोपी उचलली.

कास्पर, तू मघाशी विचारलंस ना, जिन्याजवळ भिंतीवर तो फिकट चौकोन कसला. तिथे ती फळी होती. आपली माणसं डेन्मार्कहून या माळावर आली तेव्हा इथे गवताशिवाय काही नव्हतं. मातीच्या ढेकळांच्या घरांत एकेकटे राहायचे. हिवाळ्यात कुणी मेलं तर वसंतात कळायचं. १९०७ साली स्टेशनवरून खेचरांनी तुळया ओढून आणून त्यांनी हे सभाघर उभं केलं. पहिल्याच वर्षी भांडण झालं, इथे नाच करायचा की नाही यावर. ज्यांना नाच म्हणजे पाप वाटत होतं ते उठून गेले आणि मैलभर पलीकडे त्यांनी आपलं वेगळं चर्च थाटलं. राहिले ते नाचले. भिंतीवरच्या या आडव्या काठ्या व्यायामाच्या, तो मंच नाटकांचा. पहिल्या महायुद्धात आपली भाषा चारचौघांत बोललं की लोक डोळे वटारायचे, तेव्हा खिडक्यांना घोंगड्या लावून इथे गाणी म्हटली गेली. लग्नं इथे झाली, आणि पुरून आल्यावरची कॉफीही इथेच. पण माझ्या आजीला कुणी विचारलं असतं, की सभाघर कशासाठी बांधलंत, तर तिनं त्या फळीकडे बोट दाखवलं असतं.

मंडळाचा पहिला नियम असा, की आपल्यातलं कुणी एकटं मरायचं नाही. कुणी फार आजारी झालं की फळीवर खडूनं त्याचं नाव लिहायचं. नावाखाली दोन खिळे. प्रत्येक सभासदाचा एक लाकडी बिल्ला, त्यावर नाव कोरलेलं. पहिल्या जागलीचा बिल्ला डावीकडे, दुसऱ्या जागलीचा उजवीकडे. पहिला माणूस दिवेलागणीपासून अकरापर्यंत आजाऱ्याजवळ बसणार, दुसरा अकरापासून पहाटेच्या धारा काढायच्या वेळेपर्यंत. घरची माणसं थकलेली असतात, त्यांनी झोपायचं. आपल्या वेळेला निघताना बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात घालायचा. म्हणजे बिल्ला खिळ्यावर दिसला तर माणूस अजून निघालेला नाही, आणि खिळा मोकळा दिसला तर तो आजाऱ्याच्या उशाशी आहे. येता-जाता कुणालाही कळावं, एवढी साधी गोष्ट. आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकानं मोडली. तो विगोचा सख्खा आजोबा, लाउरित्स.

१९४० सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. थीराचे आजोबा येप्पे न्यूमोनियानं पडले होते. दुसरी जागल लाउरित्सची. त्या रात्री सभाघरात नाच होता, पत्ते होते. लाउरित्सनं बिल्ला काढून खिशात घातला, आणि पत्त्यांच्या टेबलावर परत बसला. एक डाव, आणखी एक डाव. बाहेर वादळ सुरू झालं, मग काय, निमित्तच मिळालं. पहिला माणूस अकराला उठून गेला, कारण नाचाहून परतणाऱ्यांनी त्याला जाता जाता सांगितलं होतं, खिळा मोकळा आहे, म्हणजे लाउरित्स निघालाय. येप्पेची बायको वरच्या मजल्यावर निर्धास्त झोपली. लाउरित्स पोचला पहाटे साडेचारला. येप्पे गार पडला होता. लाउरित्सनं खुर्ची ओढली, मेलेल्याचा हात हातात घेतला आणि बसून राहिला. पाचला ती बाई खाली आली, तिनं ते पाहिलं आणि विचारलं, हात धरला होता तुम्ही? लाउरित्स म्हणाला, "शेवटपर्यंत."

पुढे कॉफीला याच सभाघरात त्या बाईनं सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. त्यानं ते घेतले. एकतीस वर्षं तो त्या आभारांवर जगला. पत्ते खेळणाऱ्यांना त्या रात्री वेळेचं भान नव्हतं, त्यांना वाटलं तो वेळेवर निघाला. खरं काय ते फक्त विगोच्या वडिलांना माहीत होतं, कारण पोरवयात ते त्या रात्री इथेच झोपले होते आणि बाप चारला उठून निघाला तेव्हा त्यांना जाग आली होती. त्यांनी मरताना ते विगोला सांगितलं. विगोचं तेव्हा थीराशी लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. लाउरित्सचा नातू आणि येप्पेची नात. तो तिला कधीच सांगू शकला नाही.

तर विगोनं नळ सोडला. जिना चढून फळीसमोर आला. खडूनं थीराचं नाव लिहिलं. डाव्या खिळ्यावर आपला बिल्ला लावला, क्षणभर ठेवला आणि रीतीप्रमाणे काढून खिशात घातला. उजवा खिळा रिकामा. तिथे कुणाला लावायचं? चौघांपैकी एक म्हातारी वृद्धाश्रमात, तिला स्वतःचं नाव आठवत नाही. थीरा स्वतः पलंगावर. आणि चौथा मी. दोन आठवड्यांपूर्वी बर्फावर घसरून माझी कंबर मोडली होती आणि मी ओमाहाच्या दवाखान्यात छताकडे बघत पडलो होतो. दुसरी जागल माझी होती, पोरांनो. हे मी रोज स्वतःला सांगतो.

फळीखालच्या खणात मेलेल्या सभासदांचे बिल्ले ठेवलेले असायचे. विगोनं खण उघडला. आपल्या वडिलांचा बिल्ला लावावा असं त्याच्या मनात होतं, नावापुरता, खिळा रिकामा दिसू नये म्हणून. पण हाताला आधी लागला तो लाउरित्सचा. आणि दोन रात्रींचं जागरण, बायकोचं दुखणं, एवढ्या वर्षांचं गिळलेलं खोटं, सगळं एकदम त्याच्या डोक्यात चढलं. त्यानं तो बिल्ला उजव्या खिळ्यावर ठोकल्यासारखा अडकवला. आणि आजोबांशी लहानपणी बोलायचा त्या जुन्या भाषेत म्हणाला,

"आजोबा, तुमची एक जागल राहिलीय. या आता."

सभाघर रिकामं होतं. दिवा मालवून, कुलूप लावून तो घरी गेला. हसू नकोस कास्पर, तुझ्या कुळात कुणी फळी पाहिलेली नाही म्हणून तुला हसू येतंय. आम्हा लोकांत फळीवर बिल्ला लावणं म्हणजे त्या माणसाच्या वतीनं शब्द देणं. थट्टेत लावत नाहीत. रागात तर मुळीच नाही.

सहाला कार्ला निघाली.

"बर्फ वाढायच्या आत जाते. अंडी उकडून ठेवलीत, खाऊन घे. तुझ्या कोटात माणूस कमी आणि हवा जास्त झालीय."

"तू काळजी घे."

"मला काय धाड भरलीय. हिच्याजवळ बस, आणि बसल्या बसल्या घोरू नकोस." ती गेली. तिच्या गाडीचे दिवे वळणापर्यंतही दिसले नाहीत, एवढा बर्फ तोवर सुरू झाला होता.

विगोनं पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि आपला बिल्ला उशाजवळच्या टेबलावर ठेवला. थीरानं तो बोटानं चाचपला. तिला बरं वाटलं असावं.

"दुसरा कोणाचा लावलास?"

विगो जरा अडखळला. "ओस्वालचा."

"त्याची तर कंबर मोडलीय."

"मग काय झालं? रांगत येईल. नाहीतरी कॉफीसाठी तो कुठूनही येतो."

ती हसली. त्या रात्रीचं तिचं हे शेवटचं हसणं, आणि ते माझ्यावरचं. मला त्याचं बरं वाटतं.

घड्याळात सव्वाआठ झाले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "माझ्या आजोबांसारखं व्हावं बघ. आजी सांगायची, हात शेवटपर्यंत हातात होता. तुझ्या आजोबांनी सोडला नाही. विगो, मरायला मी भीत नाही रे. खोलीत कुणी नसेल, त्याला भिते."

विगोच्या जिभेवर आलं होतं. आता नाही तर कधीच नाही, असंही त्याला वाटलं. पण मरणाऱ्या बाईला काय सांगायचं? की तुझा आजोबा कुत्र्यासारखा एकटा मेला, आणि ज्याचे तुम्ही आभार मानलेत तो इकडे पत्ते पिसत होता? त्यानं तिचा हात धरला.

"मी आहे ना. हलणार नाही इथून."

"बघ हं."

"शपथ."

नऊ वाजले. नर्सनं दिलेलं औषध त्यानं तिच्या जिभेखाली सोडलं. श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. रसेलचा फोन आला, महामार्ग बंद केलाय, ट्रकवाल्यांबरोबर एका पेट्रोल पंपावर अडकलोय. विगो म्हणाला, घाई करू नको. फोन ठेवल्यावर त्याला रडू आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

दहा वाजले. आणि मग त्याला बिल्ल्याची आठवण झाली.

आधी त्यानं ती झटकली. लाकडाचा तुकडा. पण बसल्या बसल्या त्याच्या मनात एक विचार शिरला आणि निघेना. मी बोलावलं कुणाला? लाउरित्स ज्या माणसाजवळ बसायला गेला, तो माणूस मेलेला होता. लाउरित्स वेळेवर येत नाही. तो माणूस गेल्यावर येतो, आणि गार हात हातात घेऊन बसतो. म्हणजे तो ज्या घरात येईल, त्या घरात आधी…

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून पंचवीस मिनिटं.

अकराला दुसरी जागल सुरू होते.

खिडकीबाहेर बर्फ आडवा वाहत होता. मधूनच वारा दम घ्यायला थांबायचा, तेव्हा समोर सभाघराचा काळा आकार दिसायचा. विगो तिकडे बघायचं टाळत होता. तरी नजर जायचीच.

दहा चाळीस.

सभाघरात दिवा लागला.

जिन्यावरचा दिवा. फळीवर उजेड पडतो तो. विगोनं तो स्वतः मालवला होता, कुलूप स्वतः लावलं होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं खिशात हात घालून बघितली. होती.

दिवा तसाच. पिवळा. स्थिर.

"थीरा," तो म्हणाला. कशाला म्हणाला, त्यालाच कळलं नाही.

"हं."

"मी… दिवा विसरलोय वाटतं."

विगो उठला. तो मला नंतर म्हणाला, ओस्वाल, त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की अकराच्या आत, आजोबांनी उचलण्याआधी, तो बिल्ला खिळ्यावरून काढून परत खणात टाकायचा. दिलेला शब्द मागे घेतला की तो निघणार नाही. निघाला नाही की ती जगेल. सकाळपर्यंत तरी, पोरगा येईपर्यंत तरी. दोनशे पावलं जायला, दोनशे यायला.

"कुठे?" थीरानं विचारलं. डोळे उघडे होते तिचे.

"पाच मिनिटांत आलो."

"विगो… हात."

त्यानं तिचा हात दाबला. आणि सोडला.

कोट घेतला, हातमोजे राहिले. दार उघडल्याबरोबर वाऱ्यानं त्याला भिंतीवर आपटलं. तो दिव्याच्या रोखानं चालत राहिला. बर्फ गुडघ्यापर्यंत. अर्ध्या वाटेवर असताना दिवा विझला.

तो तसाच चालला. हाताला कुलूप लागलं. बंद होतं. त्यानं ते उघडलं, आत शिरला. आत वाऱ्याचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता. खालच्या नळाचं थेंब थेंब तेवढं.

जिन्याची कळ दाबली. दिवा लागला नाही.

काडी पेटवली.

थीराचं नाव. डावा खिळा मोकळा. उजवा खिळा…

मोकळा.

काडी बोटांपर्यंत जळली. दुसरी पेटवली. फळीखाली पाहिलं, जमिनीवर पाहिलं, खणात पाहिलं. बिल्ला कुठेच नव्हता. आणि खिळा मोकळा असला म्हणजे काय, हे विगोला लहानपणापासून पाठ होतं. माणूस निघाला.

बाहेरून आवाज आला.

धप.

रस्त्याच्या पलीकडून.

धप… धप.

कुणीतरी पायरीवर बूट आपटत होतं. घरात शिरण्याआधी बर्फ झाडतात तसं. आजाऱ्याच्या घरी ओले बूट नेत नाहीत.

विगो दारात आला. वारा क्षणभर पडला होता. समोर त्याच्या घराची खिडकी दिसत होती. पलंगाजवळचा दिवा. पडदा. आणि पडद्यावर सावली.

खुर्ची रिकामी नव्हती.

सावली वाकलेली होती. पलंगाकडे.

विगो ओरडला. वारा पुन्हा उठला आणि खिडकी गेली. घर गेलं. रस्ता गेला. तो धावला. पडला. उठला. पुन्हा धावला. दोनशे पावलं… त्यानं मोजली. दोनशे झाली. अडीचशे झाली. घर नाही. कुंपण लागलं, ते कुणाचं कळेना. वळला. हात बधिर. हाक मारायची तर तोंडात बर्फ. तीनशे… चारशे…

मग मोजणं सुटलं.

तो आपल्याच गोठ्याच्या भिंतीवर आदळला तेव्हा कुठे त्याला दिशा कळली. भिंत धरून, कोपरा धरून तो पायरीवर आला. पायरीवर बर्फाचा थर. त्यावर पाऊल नाही. एकही नाही. त्याचं स्वतःचंही पुसलं गेलं होतं.

आत आला. घड्याळात अकरा चाळीस.

खोली उबदार. दिवा चालू. खुर्ची रिकामी. थीराचे डोळे मिटलेले, दुलई गळ्यापर्यंत ओढलेली.

श्वास नव्हता.

विगोनं काय केलं असेल? खुर्चीत बसला. सकाळपर्यंत बसला. तिच्या अंगावरच्या दुलईला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. त्याला सारखं एकच दिसत होतं. ती हात म्हणाली होती, आणि त्यानं सोडला होता.

रस्ता साफ करणाऱ्या गाडीच्या मागोमाग लोरेन सकाळी सातला आली. रसेल शुक्रवारी रात्री पोचला. पुढच्या मंगळवारी थीराला पुरलं आणि सगळे इथे कॉफीला जमले, याच टेबलांवर. निळ्या काठाचे कप, केक, रीतीप्रमाणे दोन गाणी. कार्ला सांगत होती, विगो शुद्धीवर असल्यासारखा दिसत नव्हता. रसेल उठला, बापाच्या गळ्यात पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, आई एकटी नव्हती, एवढं मला पुरे आहे. हात धरला होता ना तुम्ही?"

विगोनं पोराकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला मुलगा, लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"शेवटपर्यंत," विगो म्हणाला.

तोच शब्द. त्याच सभाघरात. मला सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. एप्रिलमध्ये मी काठीच्या आधारानं घरी परतलो, तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. मी त्याला म्हटलं, अरे तू तिच्यासाठीच उठलास ना. तो म्हणाला, आजोबांनाही वादळाचं निमित्त होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फळी उपटली आणि बिल्ल्यांसकट त्या शेगडीत जाळली. लाउरित्सचा बिल्ला त्यात नव्हता. तो आजवर कुणाला मिळालेला नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विगो गेला, झोपेत, घरात एकटा. मला तो दुसऱ्या दिवशी सापडला. फळी असती तर मी त्याच्याजवळ बसलो असतो. लंगडत का होईना, पण बसलो असतो.

एक गोष्ट मात्र विगोनं मला सांगितली नव्हती. ती लोरेननं सांगितली, विगोला पुरून आल्यावरच्या कॉफीच्या दिवशी, बाहेर पायरीवर उभं राहून.

त्या शुक्रवारी सकाळी तिनंच थीराच्या अंगावरची दुलई बाजूला केली होती. खुर्चीच्या बाजूचा हात. त्या हाताभोवती पाच बोटांचे पांढरे वळ होते, चार पंजाच्या मागच्या बाजूला आणि एक तळव्यात. कातडी मेणासारखी कडक. लोरेन या माळावर तीस वर्षं नर्स आहे, हिमदंश तिला डोळे मिटून ओळखता येतो. खोली उबदार होती. तिनं विगोला विचारलं, बाहेरून येऊन तुम्ही हिचा हात धरलात का? विगोनं त्या वळांकडे पाहिलं, तिची बाही खाली ओढली आणि म्हणाला, हो.

"मी पुढे काही विचारलं नाही," लोरेन मला म्हणाली. "पण तुम्ही त्यांचे मित्र, म्हणून सांगते. ते म्हणाले होते, मी आत आलो तेव्हा ती गेलेली होती. आणि त्या वळांच्या कडेनं कातडी लाल झाली होती, ओस्वाल. चांगली लालभडक. मेलेल्या माणसाची कातडी लाल होत नाही."